सिपाकिरा: मिठाच्या खाणीआधी गाव बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतामध्ये, नोकरीला आहे, तिच्याकडे पंधरा दिवसांसाठी येताय. सोबत आई आहेत, वय ६८, गुडघ्यांचा त्रास आहे. घरात कांदा-लसूण चालतो, पण मांस, मासे, अंडं चालत नाही. एक रविवार मोकळा आहे आणि जो तो सांगतोय की जवळच्या सिपाकिरा गावातली, मिठाच्या खाणीत जमिनीखाली कोरलेली कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, चुकवू नका. तेव्हा टॅक्सी करून अर्ध्या दिवसात उरकावं, की पर्यटकांच्या रेल्वेनं जावं?

गेली अकरा वर्षं मी मराठी मंडळींना दक्षिण अमेरिकेत घेऊन जाते आणि सिपाकिराला माझी वर्षातून दोन-तीनदा तरी फेरी होते. अर्ध्या दिवसात ते उरकता येतं, पण उरकू नका. पूर्ण दिवस द्या, जमल्यास रविवारऐवजी मधला वार धरा आणि खाणीच्या दारात जाण्याआधी दोन तास गावात फिरा. माझं मुख्य सांगणं एवढंच. बाकीचं, ते का आणि कसं, याबद्दल.

सुरुवातीची काही वर्षं मीही सगळ्यांसारखीच गट थेट खाणीवर नेत असे. दोन तास जमिनीखाली चालून माणसं वर यायची ती दमलेली, भुकेलेली. जेवण झालं की कोणालाच गाव बघायची इच्छा उरत नसे. बस चौकाजवळून वळायची, खिडकीतून दोन फोटो निघायचे, संपलं. मला ते फार लागायचं, कारण ती कॅथेड्रल म्हणजे या गावाच्या गोष्टीचं शेवटचं पान आहे. आधीची पानं वर, उन्हात, गल्ल्यांमध्ये आहेत. एकदा खाणीवर तिकिटांची मोठी रांग होती म्हणून नाइलाजानं क्रम उलटा केला. त्या दिवशी खाणीत गेल्यावर लोकांनी विचारलेले प्रश्नच वेगळे होते. तेव्हापासून क्रम तोच ठेवला आहे.

आधी जागेचा अंदाज घ्या. सिपाकिरा बोगोताच्या उत्तरेला, पन्नास किलोमीटरच्या आत. स्पॅनिशमध्ये लिहिताना पहिलं अक्षर झेडचं असलं तरी कोलंबियात ते ‘स’ असंच उच्चारतात, आणि तिथली माणसं तर नुसतं ‘सिपा’ म्हणतात. उंची साधारण २६५० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याहून हजारेक मीटर वर तुम्ही जेवणार, चालणार, जिने चढणार. बोगोताही जवळपास त्याच उंचीवर आहे. त्यामुळे ही सहल उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. तीन-चार दिवस शहरात काढा, आईंना दम लागणं कमी झालं की मग निघा.

आता मिठाबद्दल जरा विस्तारानं लिहिते, कारण त्याशिवाय या गावाचा काहीच उलगडा होत नाही.

या पठारावर स्पॅनिश येण्याआधी मुइस्का लोकांची वस्ती होती. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मध्ये डोंगर आणि जंगलं, आणि यांच्या पायाखाली मात्र मिठाचा डोंगर. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला, मीठ थरांनी बसलं, आणि पुढे अँडीज पर्वत उचलला गेला तेव्हा ते मीठही वर आलं. मुइस्का लोक डोंगरातून पाझरणारं खारं पाणी मोठ्या मातीच्या मडक्यांत भरून चुलाणावर आटवत. पाणी आटत जाई तसं नवीन ओतत राहायचं, शेवटी आत दगडासारखा घट्ट गोळा तयार होई. मग मडकं फोडायचं. गोळा काढायला दुसरा मार्गच नव्हता. म्हणून मीठ करणाऱ्यांच्या शेजारी कुंभार लागायचेच. असे गोळे पाठीवर बांधून व्यापारी खाली उष्ण खोऱ्यांत उतरत आणि बदल्यात कापूस, सोनं, फळं घेऊन येत.

हेच गोळे पुढे त्यांच्या मुळावर आले. १५३६ मध्ये गोन्सालो हिमेनेस दे केसादा हा स्पॅनिश सरदार कॅरिबियन किनाऱ्यावरच्या सांता मार्ताहून शेकडो माणसं घेऊन माग्दालेना नदीच्या काठानं वर निघाला. ताप, मगरी, उपासमार यांनी माणसं पटापट मरत होती. अशात नदीकाठच्या झोपड्यांमध्ये त्यांना मिठाचे गोळे दिसले. ते समुद्राच्या मिठासारखं नव्हतं. म्हणजे हे कोणीतरी वरच्या डोंगरात बनवतंय आणि त्यांच्याकडे व्यापार करण्याइतकी सुबत्ता आहे, हे त्यांनी ओळखलं. मुख्य नदी सोडून ते मिठाच्या मागावर डोंगरात शिरले आणि १५३७ मध्ये या पठारावर पोचले तेव्हा दोनशेहूनही कमी माणसं उरली होती. पुढच्याच वर्षी बोगोताची स्थापना झाली. तुमच्या भगिनी ज्या शहरात नोकरी करतात ते आहे तिथे असण्यामागे या मिठाचा एवढा हात आहे. बसमध्ये मी ही गोष्ट सांगते तेव्हा खिडकीबाहेर बघणारी माणसंही वळून बघतात.

आजचं गाव स्पॅनिश अधिकारी लुईस एन्रीकेस यानं १६०० मध्ये वसवलं. जुनी मुइस्का वस्ती वर, खाणीच्या बाजूला होती. तिथल्या लोकांना खाली आणून चौकोनी आखणीत बसवलं. म्हणून गावात फिरताना रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत आणि सगळ्या गल्ल्या शेवटी चौकाकडेच नेतात. आईंना चालायला हे सोयीचं, कारण चुकायची भीतीच नाही.

चौकाचं नाव प्लासा दे लोस कोमुनेरोस. फरसबंदी प्रशस्त पटांगण, भोवती पांढऱ्या भिंतींची, कौलारू, लाकडी सज्ज्यांची घरं, एका बाजूला दगडी चर्च. हे चर्च म्हणजे सिपाकिराची खरी कॅथेड्रल. बिशपचं धर्मपीठ इथे आहे, खाणीत नाही. जमिनीखालच्या जागेला सगळं जग कॅथेड्रल म्हणत असलं तरी चर्चच्या नियमानं ती कॅथेड्रल नव्हे. या वरच्या चर्चचा आराखडा फ्राय दोमिंगो दे पेत्रेस यांचा, ज्यांनी बोगोताची मुख्य कॅथेड्रल आणि तिथली खगोल वेधशाळाही आखली. काम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालं आणि अर्पणविधी झाला १९१६ मध्ये. आत गेलात तर दगडाकडे बघा. हे बांधायला एक शतक लागलं, आणि तेवढा काळ गाव ते पेलत राहिलं, हे मिठाच्या उत्पन्नाशिवाय अवघड होतं.

चौकात आईंना बाकावर बसवा आणि कोमुनेरोंची, म्हणजे करांविरुद्ध उठलेल्या सामान्य लोकांची, गोष्ट सांगा, कारण ती इथेच घडली. १७८१ चं साल. स्पेन लढायांत अडकलेला, आणि त्याचा खर्च वसाहतींकडून वसूल करायला आलेला अधिकारी एकामागून एक कर लादत होता. तंबाखूवर मक्तेदारी, दारूवर मक्तेदारी, विक्रीवर कर. मार्चमध्ये उत्तरेकडच्या सोकोर्रो गावात मान्वेला बेल्त्रान नावाच्या बाईनं भर बाजारात कराचा फतवा भिंतीवरून ओरबाडून फाडला. तिथून लोण पसरलं. शेतकरी, विणकर, लहान दुकानदार, मुइस्का गावकरी असे मिळून सुमारे वीस हजार लोक बोगोतावर चालून निघाले. सिपाकिराजवळच्या एल मोर्तीन्यो या माळावर त्यांचा तळ पडला. राजधानी समोर होती आणि तिच्या रक्षणाला पुरेसं सैन्य नव्हतं.

तेव्हा सरकारनं आर्चबिशप कावायेरो ई गोंगोरा यांना बोलणी करायला पुढे केलं. लोकांनी ३५ कलमांचा मसुदा ठेवला. कर कमी करा, सरकारी जागांवर इथे जन्मलेल्यांना घ्या, आणि मुइस्का लोकांच्या जमिनी व मिठाच्या खाणी त्यांना परत द्या, अशाही मागण्या त्यात होत्या. जूनमध्ये करार झाला, देवासमोर शपथा झाल्या, आणि लोक विश्वासानं आपापल्या गावी परतले. इकडे अधिकाऱ्यांनी आधीच गुपचूप लिहून ठेवलं होतं की ही संमती दडपणाखाली दिली आहे. पुढे व्हाइसरॉयनं करार रद्द केला. होसे आन्तोनियो गालान यानं हे मान्य केलं नाही आणि लढा चालू ठेवला. त्याला पकडून १७८२ च्या फेब्रुवारीत मारलं, आणि देहाचे तुकडे करून वेगवेगळ्या गावांत टांगायला पाठवले.

मी ही गोष्ट सांगताना दर वेळी त्या मिठाच्या कलमापाशी थांबते. ज्यांच्या बापजाद्यांनी हे मीठ शोधलं, त्यांना ते परत द्या असं लिहिलेला कागद याच मातीवर मान्य झाला आणि याच मातीवर मोडला. शिरोड्याचा आणि वडाळ्याचा १९३० चा सत्याग्रह ज्यांच्या घरात कोणी बघितलाय, त्यांना मीठ आणि सरकार यांचं नातं वेगळं समजावून द्यावं लागत नाही. १८१६ मध्ये स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात स्पॅनिश फौजेनं इथल्या सहा जणांना मृत्युदंड दिला. त्यांची आठवण जवळच्या छोट्या प्लासा दे ला इंदेपेन्देन्सियामध्ये जपली आहे. तिथे पाच मिनिटं पुरतात.

चौकापासून थोडं चालून गेलं की जुन्या मुलांच्या शाळेची इमारत लागते. १९४३ मध्ये किनाऱ्यावरच्या आराकाताकाचा एक सोळा वर्षांचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून इथे वसतिगृहात राहायला आला. पुढे जगप्रसिद्ध कादंबरीकार झालेला गाब्रिएल गार्सिया मार्केस. नदीतून बोटीनं, मग रेल्वेनं, अनेक दिवसांचा प्रवास करून. उष्ण, गजबजलेल्या किनाऱ्यावरून या थंड, अबोल, धुकट गावात. थंडी त्याला कधी मानवली नाही. पण इथेच त्याला चांगले शिक्षक मिळाले, रात्री निजायच्या खोलीत दिवा मालवण्याआधी मोठ्यानं पुस्तकं वाचली जात, आणि इथे शिकत असतानाच १९४४ च्या अखेरीस त्याची कविता टोपणनावानं ‘एल तिएम्पो’ या दैनिकात आली. १९८२ मध्ये साहित्याचं नोबेल. आज ती इमारत त्याच्या नावानं सांस्कृतिक केंद्र म्हणून ओळखली जाते. उघडी असेल तर आत जा, नसेल तर अंगणाच्या दारातून तरी बघा. कोकणातून किंवा खानदेशातून शिकायला पुण्यात आलेल्या कोणालाही त्या दारात उभं राहून काहीतरी आठवतं. माझे वडील जळगावहून असेच पुण्याच्या वसतिगृहात आले होते. म्हणून मी तिथे जरा जास्तच रेंगाळते.

अकराच्या सुमारास काहीतरी खाऊन खाणीकडे निघा. खाण्याबद्दल पुढे लिहिते. चौकापासून खाणीच्या फाटकापर्यंत पायी वीसेक मिनिटं, पण चढ आहे, आणि या उंचीवर चढ दुप्पट वाटतो. आईंसाठी टॅक्सी करा. अंतर थोडं आहे, पैसे फार पडत नाहीत. गुडघ्यांची ताकद आत लागणार आहे, ती वर खर्च करू नका.

तिकिटं वेगवेगळ्या प्रकारची असतात. साधं तिकीट, आणि त्यात जोडता येणारी इतर दालनं. त्यातली ‘रूता देल मिनेरो’ म्हणजे डोक्यावर हेल्मेट घालून काळोख्या बोगद्यातून खाणकामगारासारखं जाणं. तरुण मुलांना ती फार आवडते, आईंना नको. तुम्ही दोघा भावंडांनी करायची ठरवली तर आईंसोबत एकानं थांबावं. माहिती ऐकवणारं यंत्र स्पॅनिश आणि इंग्रजीत मिळतं. ते घ्या, पण सगळं ऐकत बसू नका. मध्ये कानातून काढून नुसतं उभं राहा.

आत शिरताना आधी थोडा गंधकासारखा वास येतो. दोन मिनिटांत नाक सरावतं. हवा गार, साधारण १४ अंश, वर्षभर तशीच. वाट उताराची, रुंद, आणि पायाखालची जमीनही मिठाचीच, माणसांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. रबरी तळव्याचे बूट हवेतच. चपला किंवा चामडी तळव्याच्या मोजड्या घालून आलेल्यांना मी आत नेत नाही.

वाटेवर दोन्ही बाजूंना येशूच्या क्रुसाच्या वाटेची, म्हणजे त्याला क्रुसावर चढवायला नेतानाच्या प्रसंगांची, १४ स्थानकं आहेत. तिथे माणसांच्या मूर्ती नाहीत. प्रत्येक ठिकाणी फक्त क्रूस, कुठे कोरलेला, कुठे पोकळ, कुठे अर्धा, आणि गुडघे टेकायला मिठाचेच ओटे. क्रुसाच्या मागे खाणकामानं झालेली अवाढव्य काळी पोकळी असते. ती कोणी देवासाठी कोरलेली नाही. मीठ काढून काढून तयार झालेली ती कामगारांची जागा आहे. मला विचाराल तर इथली खरी ताकद त्या पोकळ्यांत आहे. रंगीत दिवे कधी कधी जरा जास्त वाटतात, विशेषतः निळे-जांभळे. दिव्याकडे पाठ करून अंधाराकडे बघा.

भिंत हात लावून बघा. लोकांना वाटतं पांढरीशुभ्र असेल, पण ती काळपट राखाडी असते, ओल्या पाटीसारखी, मधून पांढऱ्या शिरा. जिथे पाणी पाझरतं तिथे मीठ पांढरं होऊन ओघळलेलं दिसतं, गोठलेल्या धबधब्यासारखं. एका सहलीत उरणहून आलेल्या एक आगरी मावशी होत्या, सत्तरीच्या. त्यांनी बोट भिंतीवर घासलं, जिभेला लावलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या सासरी मिठागर होतं. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, फळीनं ओढून ढीग करायचे. ‘मीठ पिकतं’ असंच त्या म्हणत होत्या. आणि मग त्यांनी विचारलं की इथे एवढं ऊन नाही, तर ह्या लोकांनी आटवायला लाकूड किती जाळलं असेल? अकरा वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कोणीही विचारलेला नाही. खरंच, इथल्या मिठाच्या भट्ट्यांना शतकानुशतकं लाकूड लागलं, भोवतालच्या टेकड्यांवरचं रान त्यात गेलं, आणि पुढे दगडी कोळसा आला. १८०१ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ इथे आला होता. मीठ वरून उघडं खणत बसण्यापेक्षा खाणीत नीट बोगदे काढा, असं त्यानं सुचवलं. आज तुम्ही ज्या बोगद्यातून उतरता त्याचा विचार असा जुना आहे.

प्रार्थनेची जागा मात्र कोणा सरदारानं काढलेली नाही. खाणीत उतरण्याआधी कामगार आपापले छोटे देव्हारे करून दिवा लावत, आज तरी सुखरूप वर येऊ दे म्हणून. त्यातून मोठ्या चर्चची कल्पना आली आणि १९५४ मध्ये खाणकामगारांची रक्षणकर्ती मानलेल्या रोझरीच्या मातेला अर्पण केलेली पहिली कॅथेड्रल उघडली. पण ती चालू खाणीत होती, पुढे तडे गेले, पाणी झिरपू लागलं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद करावी लागली. मग तिच्याही खाली, जमिनीपासून सुमारे १८० मीटर खोल, नवीन कोरली. वास्तुरचना रोझवेल गारावितो पेर्ल यांची. १६ डिसेंबर १९९५ रोजी ती खुली झाली. तुम्ही बघणार ती ही दुसरी.

शेवटी मुख्य दालन येतं. जन्म, जीवन आणि मृत्यू अशा तीन भागांत ते मांडलं आहे. समोर १६ मीटर उंचीचा क्रूस दिसतो, उजळलेला, जणू हवेत उभा. जवळ जाईपर्यंत कळत नाही की तिथे क्रूस नाहीच. भिंतीत खोदलेली ती क्रुसाच्या आकाराची पोकळी आहे आणि मागून उजेड आहे. आईंना आधी लांबून दाखवा, मग हात धरून जवळ न्या. या दालनात उतरताना पायऱ्या आहेत, त्या सावकाश घ्या, आणि त्रास वाटला तर तिथल्या कर्मचाऱ्यांना सोपी वाट विचारा. ते मदत करतात. रविवारी इथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना, होते. गेलात आणि चालू असेल तर मागे शांत उभं राहा, फोटो नको. परत येताना चढ असतो. जाऊन-येऊन दोन तास धरा आणि निम्म्या वाटेवर दहा मिनिटं बसा.

आता जेवण. खरं सांगायचं तर शाकाहारी माणसाला इथे थोडी तयारी लागते. या पठाराचं मानाचं जेवण म्हणजे आख्याको, तीन जातींच्या बटाट्यांचं दाट सूप, त्यात ग्वास्कास नावाचा पाला (ही वनस्पती भारतातही तण म्हणून उगवते), मक्याचं कणीस आणि कोंबडी. ‘कोंबडी काढून द्या’ म्हटलं तर तुकडे काढतील, रस्सा कोंबडीचाच राहील. म्हणून वाक्य पूर्ण म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो’. मांस नको, कोंबडी नको, कोंबडीचं पाणीही नको. राजमा मागवाल तर डुकराचं मांस घातलंय का ते विचारा, बहुतेकदा असतं. आणि अंडं चालत नसेल तर बेकरीतल्या प्रत्येक गोष्टीला ‘सिन वेवो?’ विचारावंच लागेल. आल्मोहाबाना हा चीज आणि मक्याच्या पिठाचा मऊ पाव सगळ्यांना आवडतो, पण त्यात सहसा अंडं असतं.

जे निर्धास्त खाता येईल ते असं: कोळशावर भाजलेलं मक्याचं कणीस, साधी किंवा चीजची आरेपा (मक्याची जाड भाकरी), उकडलेले छोटे पिवळे बटाटे, भात, पिकलेल्या केळ्याचे काप, ॲव्होकाडो. आणि अग्वापानेला, म्हणजे गरम गुळाचं पाणी, लिंबू पिळलेलं. पानेला हा अगदी आपला गूळच. गूळ करण्यात जगात भारत पहिला आणि कोलंबिया दुसरा. आईंना थंडीत हे द्या, लगेच तरतरी येते. गरम चॉकलेटच्या कपात चीजचे तुकडे टाकून ते विरघळू लागले की चमच्यानं खायची इथली पद्धत आहे. ऐकायला विचित्र, पण एकदा कराच. चौकात ओब्लेआवाले असतात. दोन पातळ कुरकुरीत चकत्या, मध्ये आरेकिपे, म्हणजे आटवलेल्या गोड दुधाचा घट्ट लगदा. बासुंदीची आठवण येते. सोबत घरून ठेपले किंवा दशम्या असतील तर सगळ्यात उत्तम, माझ्या बॅगेत असतातच. उंचीसाठी म्हणून कोणी कोकाच्या पानांचा चहा दिला तर इथे तो चालतो, पण त्याची पाकिटं सामानात घालून भारतात आणू नका.

जायचं कसं. सगळ्यात साधा रस्ता म्हणजे ट्रान्समिलेनिओ बसनं पोर्ताल नोर्ते या उत्तर टोकाच्या स्थानकावर जायचं आणि तिथून सिपाची बस पकडायची. वाहक ‘सिपा, सिपा’ ओरडत असतात, चुकणार नाही. रस्ता मोकळा असेल तर तिथून तासाभरात पोचता. चिया गावाजवळ बोगोता नदीवरचा पुएन्ते देल कोमून हा १७९२ चा दगडी पूल दिसतो. पुढे फुलांची हरितगृहं लागतात, मैलोन्मैल पांढरं प्लास्टिक. अमेरिकेत व्हॅलेन्टाइन दिवसाला विकले जाणारे गुलाब बरेचसे याच पठारावरचे. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मी तुम्हाला दिवसभरासाठी गाडी करायला सांगेन, पण चालकाला आधीच ठरवून द्या की गावात दोन तास थांबायचंय, नाहीतर तो तुम्हाला थेट खाणीवर उतरवेल.

पर्यटकांची रेल्वे, त्रेन तुरीस्तिको, बोगोताच्या एस्तासिओन दे ला सावाना या जुन्या स्थानकातून सुटते, सहसा शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी. डब्यांत वाजंत्री येतात, लोक नाचतात, लहान मुलांना फार मजा वाटते. पण ती संथ आहे, वेळापत्रक ठरलेलं, आणि गावात मिळणारा वेळ तुमच्या हातात नाही. खाण बघायची आणि गावही, तर रेल्वेत जमत नाही. रेल्वे हीच सहल मानणार असाल तर जरूर जा, तिकीट आधी काढून.

रविवारबद्दल काळजीनं सांगते. जाताना अडचण नाही, परतताना आहे. रविवारी दुपारनंतर अर्धं बोगोता बाहेरगावाहून शहरात परत येतं आणि उत्तरेचा महामार्ग तुंबतो. त्यात सोमवारची सुट्टी जोडून आली असेल तर विचारू नका. १९८३ च्या कायद्यानं इथल्या बऱ्याच सुट्ट्या सोमवारी ढकलल्या आहेत, त्यामुळे असे जोडून आलेले तीन दिवस वर्षात पुष्कळ येतात, आणि तेव्हा गाड्यांच्या नंबरांवरूनही शहरात यायच्या वेळा ठरवून देतात. बहिणीला एखाद्या मंगळवारी-बुधवारी रजा मिळत असेल तर तो दिवस धरा. रविवारच असेल तर सकाळी साडेसातला निघा आणि तीनला परतीला लागा.

पाऊस एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जास्त, आणि बहुधा दुपारनंतर. पण छत्री नेहमीच ठेवा. ऊन नसलं तरी विषुववृत्ताजवळ, एवढ्या उंचीवर त्वचा भाजते, म्हणून टोपी आणि मलमही. सुरक्षेबद्दल विचाराल तर दिवसा गावाचा मध्यभाग निवांत असतो. इथे एक म्हण आहे: ‘पपई देऊ नका’. म्हणजे कोणाच्या हाती आयती संधी देऊ नका. फोन हातात नाचवू नका, पासपोर्ट घरी ठेवा, प्रत जवळ बाळगा.

परतण्याआधी चौकात अर्धा तास पुन्हा बसा. भिंतींवर आणि दुकानांत सायकलस्वाराची चित्रं दिसतील. तो एगान बेर्नाल, याच गावात वाढलेला. त्याचे वडील मिठाच्या कॅथेड्रलमध्ये सुरक्षारक्षक होते. २०१९ मध्ये तो तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणारा पहिला लॅटिन अमेरिकन ठरला तेव्हा हे पटांगण माणसांनी भरून गेलं होतं. तुम्ही याल तेव्हाही भोवतीच्या रस्त्यांवर हेल्मेट घातलेली मुलं चढ चढताना दिसतील.

आणि खाणीबाहेरच्या दुकानांत मिठाच्या खड्यात कोरलेल्या वस्तू मिळतात. त्या मुंबईच्या पावसाळ्यात ओल धरतात आणि पाझरतात. घ्यायच्याच असतील तर हवाबंद डबा घेऊन जा, आणि घरी आल्यावर देवघरात ठेवण्याऐवजी काचेच्या झाकणाच्या बरणीत ठेवा.